जमिनीवरची बेटे : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

आमच्या झरी जामणी तालुक्यात 'बेट' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे समुद्र येत नाही, बांबूचे बेट येते. एका मुळावर वाढलेले, आत सहज हात घालता येऊ नये इतके दाट. कोलाम आदिवासी त्यातला बांबू तोडतो, टोपल्या विणतो आणि मुकुटबनच्या बाजारात आणतो. दक्षिणेला पैनगंगा आणि तिच्या पलीकडे तेलंगण अशा या मुलखात समुद्र पाहिलेली माणसे आजही थोडीच सापडतील. असे असताना इथल्या माणसाने बेटांच्या इतिहासात रस का घ्यावा, असे वाचकांनी विचारले तर ते रास्तच आहे. पुढची पाने त्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी लिहिली आहेत.

समाजाला जी माणसे डोळ्यांसमोर नको होती, त्यांना ठेवण्यासाठी जगभर बेटे वापरली गेली. मराठी वाचकाला यातले एक बेट चांगले ठाऊक आहे. 1858 मध्ये अंदमानात कैद्यांची वसाहत सुरू झाली, पुढे 1906 मध्ये सेल्युलर जेल बांधून पुरे झाले, आणि 'माझी जन्मठेप' वाचलेल्या प्रत्येक घरात 'काळे पाणी' हा शब्द त्याच्या सगळ्या अर्थांसह पोचला. पण अंदमानच्या कैद्याला निदान एक गोष्ट मिळालेली असे. त्याच्यावर खटला चालला होता, त्याच्या नावापुढे कलम होते आणि शिक्षेची वर्षे होती. या विषयातली दुसरी मोठी शाखा अशा माणसांची आहे की ज्यांनी गुन्हा केला नव्हता, ज्यांना शिक्षा झाली नव्हती, आणि म्हणून ज्यांच्या कोंडीची मुदत कधी संपणारही नव्हती. ती माणसे कुष्ठरोगाची. या प्रस्तावनेचा रोख त्यांच्याकडे आहे.

आधी थोडे दूरवर पाहू. दक्षिण आफ्रिकेतले रॉबेन बेट आपण नेल्सन मंडेलांमुळे ओळखतो. त्यांच्या कैदेची अठरा वर्षे तिथे गेली. पण त्याच्या शंभर वर्षे आधी, 1846 पासून, केपटाउनमधले कुष्ठरोगी, वेडे ठरवलेले आणि बरे न होणारे गरीब रुग्ण त्या बेटावर नेऊन ठेवले जात होते. कुष्ठरोग्यांची तिथली वस्ती 1931 पर्यंत टिकली. हवाई बेटांच्या राज्याने 1865 मध्ये कायदा केला आणि पुढच्याच वर्षाच्या जानेवारीत पहिले रुग्ण मोलोकाईच्या कालाउपापा या ठिकाणी उतरवले. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला उभा कडा. सुमारे आठ हजार माणसे तिथे पाठवली गेली, आणि तो नियम 1969 मध्ये उठला. फिलिपाइन्समध्ये 1906 पासून कुलिऑन, ग्रीसमध्ये 1903 ते 1957 स्पिनालोंगा, जपानमध्ये 1930 पासून नागाशिमा. नागाशिमा आणि मुख्य भूमी यांच्यातला समुद्र अगदी अरुंद आहे. त्यावर पूल झाला तो 1988 मध्ये.

एवढे पाणी मध्ये कशासाठी हवे होते? वाचकांनी इथे एक विरोधाभास लक्षात ठेवावा. या विषयाचे कुलूप त्याच किल्लीने उघडते. हॅन्सन यांनी नॉर्वेत कुष्ठरोगाचा जंतू शोधला तो 1873 मध्ये. विज्ञान पुढे आले म्हणजे भीती ओसरायला हवी. झाले उलटे. रोग जंतूमुळे होतो म्हणजे तो लागतो, आणि लागतो म्हणजे रुग्णाला दूर ठेवा, असा हिशेब मांडला गेला, आणि 1897 च्या बर्लिन परिषदेने विलगीकरणाच्या बाजूने कौल दिला. वास्तविक शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जणांना या जंतूपासून निसर्गतःच संरक्षण असते, हे आज आपल्याला माहीत आहे. 1890-91 मध्ये हिंदुस्थानभर फिरून पाहणी करणाऱ्या कुष्ठ आयोगानेही रोगाच्या लागणीचा धोका फार नाही आणि सक्तीने वेगळे ठेवण्याची गरज नाही, असेच मत दिले होते. ते मत कागदावर राहिले. अज्ञानातून क्रौर्य येते असे आपण समजतो, पण इथे अर्धवट ज्ञानाने अधिक दारे बंद केली. मला हा विषय ओढून घेतो तो इथून.

मराठी मुलखातला पहिला मुक्काम मुंबईत करावा लागतो. मुंबई मुळात सात बेटांची, आणि त्या बेटांतही एक बेट तयार झाले. शहराचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ यांनी लोकवर्गणी जमवून नोव्हेंबर 1890 मध्ये माटुंग्याला, म्हणजे तेव्हाच्या वस्तीच्या उत्तर टोकाला, बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उघडले. वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय ते हेच. हे नाव मराठी अभ्यासकाला आणखी एका कारणाने ओळखीचे वाटेल. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत मराठी पोवाडे गोळा करून छापणारे अ‍ॅकवर्थ हेच होत. एकच माणूस रस्त्यावरचे कुष्ठरोगी उचलून भिंतीआड नेत होता आणि शाहिरांच्या तोंडचे पोवाडे लोप पावू नयेत म्हणून धडपडत होता. त्याला दुष्ट म्हणून निकालात काढणे सोपे, आणि दयाळू म्हणून हार घालणेही तितकेच सोपे. तुम्ही घाई करू नका. त्या आवारात उपचार होते, पोटभर अन्न होते, शेती होती; 1897 मध्ये तर मैल्यापासून वायू जमवण्याची टाकीही तिथे बांधली गेली आणि त्या प्रयोगाचा उल्लेख आजही गोबर गॅसच्या इतिहासात होतो. नव्हती ती एकच गोष्ट, वाटेल तेव्हा बाहेर पडण्याची मोकळीक.

त्यानंतर आला 1898 चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा. हा कायदा वाचकांनी स्वतः वाचावा, असा माझा आग्रह आहे. तो लहान आहे आणि त्याची भाषा थंड आहे. त्याने सगळ्या रुग्णांना पकडायला सांगितले नाही, फक्त निर्धन रुग्णांना पकडायला सांगितले. भीक मागणारा किंवा उघड आधार नसलेला कुष्ठरोगी दिसला तर पोलिसाने त्याला वॉरंटशिवाय धरावे. तपासनीसाने दाखला द्यावा. मग आश्रयस्थानात रवानगी. घरचे बरे असलेला रुग्ण माडीवरच्या खोलीत आयुष्य काढू शकत होता. रोग एकच, जंतू एकच, पण बेट मात्र गरिबासाठी. त्याच कायद्यात आणखी एक कलम होते. सरकारने जाहीर केलेल्या क्षेत्रात कुष्ठरोग्याला अन्न शिजवून विकण्यास, भाड्याच्या गाडीत बसण्यास आणि सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्यास मनाई करता येत होती. हा विहिरीचा उल्लेख ध्यानात असू द्या. पुढे आपल्याला तिथेच परत यायचे आहे.

कायदा जिथे पोचला नाही तिथे रीत होती. माझ्या लहानपणी आमच्या गावाबाहेर, नाल्याच्या काठी, एक म्हातारी राहायची. पळसाच्या पानांनी शाकारलेली झोपडी, समोर तीन दगडांची चूल, आणि झोपडीपासून पंधरा-वीस पावलांवर एक सपाट दगड. त्या दगडावर भाकर ठेवून मागे फिरायचे, ती नंतर येऊन घ्यायची. पाण्याची रीत वेगळी होती. ती मडके जमिनीवर ठेवून मागे सरकायची आणि कोणी बाई आपल्या घागरीतून वरून धार धरायची. घागरीचा काठ मडक्याला लागू नये म्हणून हात इतका उंच धरलेला असे की निम्मे पाणी मातीत जाई. उन्हाळ्यात, विहिरीचा तळ दिसत असतानाही, ती धार तितक्याच उंचावरून पडायची. मला तेव्हा त्यात वावगे काही वाटले नाही. तिच्या हाताची बोटे झडलेली होती आणि मडके ती दोन्ही मनगटांत धरून उचलायची, एवढे मला नीट आठवते. तिचे नाव आठवत नाही. ते कोणी घेतच नव्हते. बेटासाठी समुद्र लागत नाही, पंधरा-वीस पावले पुरतात, हे मला फार उशिरा कळले.

म्हणून या अभ्यासाची सुरुवात शब्दांपासून करणे बरे. जुनी माणसे 'रक्तपिती' म्हणत, नाहीतर 'महारोग'. 'महारोगी' हा शब्द संस्थांच्याही नावांत आला आणि तिथे तो सेवेच्या भावनेने आला. मग 'कुष्ठरोगी', पुढे 'कुष्ठरुग्ण', आता 'कुष्ठरोगमुक्त'. शब्द दर पिढीत बदलला, कारण प्रत्येक शब्दाला काही वर्षांत तीच जुनी घृणा चिकटली. अंगावरच्या पांढऱ्या कोडाचा या रोगाशी काही संबंध नाही, तरी कोड असलेल्या मुलीचे लग्न अजूनही त्याच भीतीपायी मोडते. जुने कागद चाळताना कोणता शब्द कोणी, कोणाविषयी आणि कोणत्या साली वापरला, एवढे टिपून ठेवले तरी वाचकाच्या हाती अर्धा इतिहास लागेल.

आणि आता मी ज्या भागाविषयी थोड्या अभिमानाने लिहिणार आहे, तो आपला विदर्भ. जमिनीवरची ही बेटे फोडण्याचे काम देशात जिथे सर्वांत चिकाटीने झाले, त्यांत वर्धा, अमरावती आणि चंद्रपूर ही नावे आधी घ्यावी लागतात. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी त्याआधीच वाट घातली होती. 1874 मध्ये वेलस्ली बेली यांनी सुरू केलेल्या मिशनची रुग्णालये देशभर उभी राहिली आणि अचलपूरजवळच्या कोठाऱ्याचे रुग्णालय त्यातलेच. 1936 मध्ये मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम उभारले. विनोबांच्या परिवारातला हा माणूस पुढे आयुष्यभर त्या एका कामातच राहिला. 1939 च्या सुमारास संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री, अंगावर रोग घेऊन, सेवाग्रामला गांधीजींच्या दारात आले. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, स्वतः त्यांच्या अंगाला मालिश केली, आणि नंतर विधायक कार्यक्रमात कुष्ठरोग्यांच्या सेवेचा समावेश केला. सेवाग्रामच्या आवारात परचुरे शास्त्रींची कुटी आजही आहे. बापूंच्या कुटीपासून ती किती जवळ आहे हे जाऊन पाहावे, हे अंतरही इतिहासाचा दस्तऐवज आहे. 1946 मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत तपोवन वसवले. आणि 1951 च्या जूनमध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी पन्नास एकरांवर आनंदवनाची सुरुवात झाली. बाबा आणि साधनाताई आमटे, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये, ही गोष्ट तुम्ही शाळेत असताना ऐकली असेल.

त्या गोष्टीतली एक बाब मात्र वाचकांनी सावकाश पाहावी. आनंदवनातले पहिले मोठे काम दवाखान्याचे नव्हते, ते विहिरीचे होते. ज्यांना कायद्याने गावाच्या विहिरीपासून दूर ठेवता येत होते, ज्यांच्या मडक्यात पाणी वरून पडत होते, त्या माणसांनी बधिर हातांनी खडक फोडून स्वतःची विहीर खणली. बधिर हात म्हणजे काय, हे समजून घ्या. कुदळीच्या दांड्याने तळवा सोलला तरी कळत नाही. फोड फुटून रक्त दांड्यावर दिसले म्हणजे कळते. जखम चिघळते ती या न कळण्यामुळे. बोटे झडतात ती बहुतेक यामुळेच. पाणी लागले, भाजीपाला पिकला, पण वरोऱ्यात तो कोणी विकत घेईना. 1954 मध्ये परदेशातले स्वयंसेवक येऊन रुग्णांसोबत राहिले, इमारती बांधू लागले, तेव्हा शहरातली माणसे आत येऊन पाहू लागली आणि हळूहळू भाजी खपू लागली. 1964 मध्ये आनंदवनाने महाविद्यालय काढले. त्यामुळे गावातली मुले रोज सकाळी, वह्या घेऊन, त्या बेटावर जाऊ लागली. बेट फोडण्याची याहून सुंदर युक्ती मला ठाऊक नाही.

याच काळात वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. र. वि. वारदेकर यांनी दुसरी, कमी बोलली गेलेली वाट काढली. रुग्णाला संस्थेत आणण्याऐवजी कार्यकर्त्याने घरोघर जायचे. पाहणी, शिक्षण आणि उपचार ही तिन्ही कामे गावातच करायची. 1955 च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. तोवर कडूकवठाच्या तेलाची दुखरी इंजेक्शने मागे पडून डॅप्सोनच्या गोळ्या आल्या होत्या. 1980 च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. त्यासाठी निवडलेल्या पहिल्या जिल्ह्यांत वर्धा होता. त्या गोळ्यांनी रोग ठरावीक मुदतीत बरा होऊ लागला. माझ्या मते आनंदवनाइतकीच मोठी जागा या सायकलवर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांची आहे. त्यांनी बेट बांधूच दिले नाही. त्यांच्यावरचे चांगले पुस्तक माझ्या पाहण्यात अजून आलेले नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी तरी ते मनावर घ्यावे.

नव्या वाचकाने एक सावधगिरी बाळगावी. या विषयावर जे सहज हाती लागते ते बहुतेक संस्थापकांचे, मिशनऱ्यांचे, डॉक्टरांचे लेखन. ते वाचायलाच हवे. साधनाताईंचे 'समिधा' हे आत्मकथन वाचले नाही तर आनंदवनाच्या पहिल्या वर्षांतले स्वयंपाकघर कळणार नाही. पण आत राहिलेल्या माणसाचा आवाज वेगळा शोधावा लागतो, आणि तो नेहमी पुस्तकात नसतो. स्पिनालोंगावर कायद्याचा एक विद्यार्थी रुग्ण म्हणून पोचला आणि 1936 मध्ये त्याने रुग्णांची संघटना बांधून आपल्या हक्कांची भाषा सुरू केली. जपानमध्ये घरच्यांच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून कित्येक रुग्ण आत येताना खोटे नाव घेत. त्यातल्या अनेकांच्या अस्थीही घरी गेल्या नाहीत. कुलिऑनमध्ये रुग्णांसाठी वेगळी नाणी पाडली होती, कारण त्यांचा हात लागलेला पैसा बाहेर चालू द्यायचा नव्हता. खोटे नाव, परत न गेलेल्या अस्थी, वेगळे नाणे ही आतल्या माणसांची कागदपत्रे आहेत. आपल्याकडे अशी कागदपत्रे शोधायची तर वसाहतीतल्या दाखल-नोंदवह्या, हातमागावरच्या सतरंज्या, मागचा पट्टा असलेल्या एमसीआर रबराच्या चपला, आणि अजून हयात असलेल्या म्हाताऱ्यांचे बोलणे, यांकडे वळावे लागेल.

दुसरी सावधगिरी आमच्याच तालुक्यातली. कोलामांचे पोड, म्हणजे त्यांची वस्ती, गावापासून दूर असते, म्हणून बाहेरचा अभ्यासक त्यालाही पटकन बहिष्काराचे बेट म्हणून मोकळा होतो. तसे करू नये. पोड कोलामाने आपल्या देवांसह, आपल्या भाषेसह, आपल्या मर्जीने वसवलेले असते. दूर राहणे आणि दूर ठेवले जाणे यांत काय फरक आहे, हे पोडावर दोन दिवस राहिले की कळते. याच तालुक्यातल्या मूळगव्हाणला आनंदवनाच्या महारोगी सेवा समितीने कोलामांसोबत शेती आणि पाण्याचे काम उभे केले, ही मला फार अर्थपूर्ण गोष्ट वाटते. एकेकाळी ज्यांना पाण्यापासून दूर ठेवले, त्यांच्या संस्थेने दुसऱ्यांच्या वावरापर्यंत पाणी पोचवण्याचे काम घ्यावे, हा प्रवास नोंदवला गेला पाहिजे.

हे सगळे जुने झाले, असे म्हणावे तर तारखा आड येतात. भारताने कुष्ठरोगाचे राष्ट्रीय पातळीवर निर्मूलन जाहीर केले 2005 च्या अखेरीस. याचा अर्थ रोग दहा हजारांत एकाहून कमी उरला, संपला असा नव्हे. 1898 चा तो कायदा रद्द झाला 2016 मध्ये. जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्या कारणावरून घटस्फोट मागण्याची कायद्यातली सोय काढून टाकली गेली 2019 मध्ये. बहुविध औषधोपचाराच्या गोळ्या मिळू लागल्यानंतर पस्तीसहून अधिक वर्षे कायदा त्या जुन्या भीतीच्या बाजूने उभा होता. आणि बऱ्या झालेल्या कित्येकांना घरचे दार उघडले नाही. ज्या वसाहतीत त्यांना आणून टाकले होते तीच त्यांचे गाव झाली, तिथेच त्यांची लग्ने झाली आणि तिथेच नातवंडे खेळली.

हे वाचून कोणाला पुढे जावेसे वाटले, तर ग्रंथालयात जाण्याआधी एक दिवस मोकळा काढा. वणीहून वरोऱ्याच्या एसटीत बसा, पाटाळ्याच्या पुलावर वर्धा नदी ओलांडा आणि आनंदवनात उतरा. तिथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे आणि लोक आपुलकीने दाखवतात. पण सगळ्यांत आधी पहिली विहीर कुठे आहे ते विचारा, आणि ती खणणाऱ्यांची नावे कोणाला आठवतात का, तेही विचारा. जेवढी मिळतील तेवढी वहीत लिहून घ्या.